नाणी की खेळाच्या स्मृतिवस्तू? ग्रामीण विदर्भातील नवख्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

जुनी नाणी जमवणे आणि खेळाडूंची कार्डे, सामन्यांची तिकिटे, सह्या, पदके अशा स्मृतिवस्तू जमवणे हे दोन्ही छंद एकाच प्रकारचे आहेत असे समजून नवखा माणूस दोन्हींत एकदम हात घालतो आणि बहुधा दोन्हींत पैसे घालवतो. प्रत्यक्षात दोहोंची पारख वेगळी आहे. नाण्याविषयीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या नाण्यावरच मिळतात. त्याचे वजन, धातू, व्यास, त्यावरील साल आणि टांकसाळीची खूण तपासता येते आणि ही तपासणी दारव्ह्यात बसून केली काय किंवा मुंबईत केली काय, निकाल तोच येतो. सही केलेल्या बॅटीचे तसे नसते. बॅट खरी असते, शाईही खरी असते, आणि तरीही सही खोटी निघू शकते. ती कोणी, केव्हा, कोणासमोर केली याचा पुरावा बॅटीच्या बाहेर शोधावा लागतो. माझे मत असे आहे की ग्रामीण विदर्भातील नवख्याने आधी नाण्यांवर हात आणि डोळा तयार करावा, परदेशी कार्डांच्या मागे लागू नये आणि खेळाच्या स्मृतिवस्तूंपैकी, ज्यांचा साक्षीदार अजून भेटू शकतो अशा आपल्या परिसरातील वस्तूच घ्याव्यात. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: घरातील पेटी उघडा, पण चिंच दूर ठेवा

बाजारात जाण्यापूर्वी आपले घर धुंडाळावे. देवघरातील लक्ष्मीपूजनाचे रुपये, आजीच्या लुगड्यांच्या घडीत ठेवलेला बटवा, माळ्यावरची लोखंडी पेटी आणि वडिलांच्या शाळेतील प्रमाणपत्रांची जुनी फाइल यांतून पहिल्या वर्षाला पुरेल इतकी सामग्री पुष्कळदा निघते. देवघरातील नाणी हळदकुंकवाने माखलेली आणि तेलकट असतात, आणि ती बाहेर काढताच घरातून पहिली सूचना येते ती चिंच किंवा राख लावून लख्ख घासण्याची. ती सूचना नम्रपणे नाकारावी. चांदीवर शंभर वर्षांत चढलेली करडी झाक हा मळ नसतो. घासल्याने उठावाच्या कडा झिजतात, साऱ्या पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे उमटतात आणि जाणकार ग्राहक ते भिंगाखाली तत्काळ ओळखतो. अशा नाण्याची संग्राहकाच्या दृष्टीने असलेली किंमत एका सकाळीत निम्म्याहून खाली येऊ शकते. हळदकुंकू फारच साचले असेल, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वाटीत घेऊन नाणे त्यात काही तास ठेवावे, काठाला धरून बाहेर काढावे आणि मऊ सुती कापडावर न घासता टिपून घ्यावे. इतकी स्वच्छता पुरे आहे.

कागदी वस्तूंच्या बाबतीत तेच नुकसान लॅमिनेशन करते. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मुलाच्या गुणपत्रिकेबरोबर आजोबांचे कुस्तीचे प्रमाणपत्रही लॅमिनेट करून आणण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. उष्णतेने कागदात भिनलेला तो चिकट थर पुन्हा सुखरूप निघत नाही, जुनी शाई कधीकधी पसरते आणि कागद खरा की रंगीत झेरॉक्स, हे पुढे हाताने ओळखण्याची सोय राहत नाही. म्हणून घरातील कोणताही जुना कागद लॅमिनेट करू नये, त्यामागे सेलोटेप लावू नये आणि त्याला स्टेपलची पिनही मारू नये.

दुसरी पायरी: थोडे साहित्य आणि ठरावीक रक्कम

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्नियर कॅलिपर, एक चांगले चुंबक आणि जाड पुठ्ठ्याची वही एवढ्यावर काम भागते. महागडे अल्बम पहिल्या वर्षी घेऊ नयेत. पैशांबाबत एकच आग्रह आहे. कापसाचा किंवा सोयाबीनचा चुकारा हाती आला की खर्चाला हात सैल होतो, आणि विकणाऱ्यांनाही तो हंगाम ठाऊक असतो. वर्षाची रक्कम पेरणीपूर्वीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि दिवाळीनंतर ती वाढवू नये.

तिसरी पायरी: प्रजासत्ताकाच्या नाण्यांचा पहिला संच

नवख्याने पहिला संच स्वतंत्र भारताच्या दशमान नाण्यांचा करावा, कारण ती स्वस्त आहेत, बनावट करण्याच्या लायकीची बहुतेक नाहीत आणि त्यांच्यावर चुका परवडतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत सुरू झाली. सुरुवातीच्या नाण्यांवर 'नया पैसा' किंवा 'नये पैसे' असे छापले जाई आणि १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळला. साठच्या दशकातील तीन पैशांचे षटकोनी नाणे आणि कमळ असलेले वीस पैशांचे पितळी नाणे या संचात शोभून दिसतात. पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, त्यामुळे ती गावोगावी डब्यांत, गल्ल्यांत आणि भंगाराच्या दुकानांत पडून आहेत. आठवडी बाजारात जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या माणसाकडे अशी नाणी किलोच्या हिशेबाने मिळतात, आणि त्या ढिगातून निवड करण्यासारखे शिक्षण दुसरे नाही.

निवडताना सालाच्या खाली पाहावे. बारीक चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, असल्यास ते नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असल्यास हैदराबादचे, ठळक ठिपका असल्यास नोएडाचे आणि काहीच खूण नसल्यास कोलकात्याचे समजावे. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची आहे, त्यामुळे त्याआधीच्या सालाखाली ठिपका दिसला तर तो घाण आहे की मार लागल्याची खूण आहे, हे भिंगाने पाहावे. काही वर्षी नाणी परदेशांतूनही पाडून आणली होती. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर आढळते, ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे आहे. एकाच मूल्याची, एकाच सालाची, पण चार टांकसाळींची नाणी ओळीने मांडता येऊ लागली, म्हणजे डोळा बसू लागला असे समजावे.

ज्याला खेळाचीच ओढ आहे, त्यालाही इथे जागा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेनिमित्त पंचवीस पैसे आणि दोन रुपयांची नाणी निघाली, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेनिमित्त दोन आणि पाच रुपयांची. ती अजूनही कमी पैशांत मिळतात. खेळाची आठवण आणि सरकारी टांकसाळीचा पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत मिळत असल्याने कोणत्याही कार्डापेक्षा आधी मी नवख्याला ही नाणी घ्यायला सांगतो.

चौथी पायरी: सराफाच्या दुकानातील रुपया

इथे सावकाश जावे. ब्रिटिश काळातील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा असे. १९४० ते १९४५ या काळात चांदी निम्म्यावर आली आणि त्यानंतरचा रुपया निकेलचा झाला. याचा अर्थ असा की जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८ ग्रॅमच्या आसपास. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने या आकड्याला गुणले की त्या रुपयाची खालची मर्यादा कळते. सर्वसाधारण सालाच्या नाण्याला या मर्यादेच्या कितीतरी पट पैसे कोणी मागितले, तर त्याने कारण सांगितले पाहिजे आणि ते कारण नाण्यावर दाखवले पाहिजे. कार्डाला किंवा सहीला अशी खालची मर्यादाच नसते. खेळाडूची कीर्ती ओसरली की उरतो तो पुठ्ठा.

'राणीछाप' म्हणून जो रुपया दाखवला जातो, त्यात दोन मुख्य प्रकार येतात. १८६२ सालाच्या रुपयावर 'क्वीन' असे लिहिलेले असते आणि १८७७ पासूनच्या रुपयांवर 'एम्प्रेस'. १८६२ हे साल पाहून विक्रेता दुर्मीळपणाची कथा सांगू लागला, तर हे माहीत असावे की ते साल पुढे कित्येक वर्षे ठशांवर तसेच ठेवले गेले होते आणि म्हणून हा रुपया विपुल आहे. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट मात्र खरी आहे. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने पुढच्या वर्षी नक्षी बदलण्यात आली. १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ आहे आणि नेमक्या त्याच कारणाने त्याचे बनावट नमुने फिरतात. नवख्याने तो पाहावा आणि परत द्यावा.

तालुक्याच्या सराफाकडे मोडीत आलेले रुपये पत्र्याच्या डब्यात असतात. त्याची परवानगी घेऊन ते मखमली कापडावर एकेक पाहावेत. पहिली नजर राजाच्या चेहऱ्यावर टाकण्याऐवजी काठावर, नेमकी माथ्याच्या बाजूला टाकावी. आपल्या भागात रुपये दागिन्यांत गेले. बंजारा आणि गोंड स्त्रियांच्या गळ्यातील माळांत त्यांना कड्या डाक देऊन बसवल्या गेल्या, आणि पुढे अडचणीच्या काळात माळ मोडली की सराफाने कडी कापून रुपया डब्यात टाकला. अशा नाण्याच्या काठावर पांढुरका, किंचित फुगीर ठिपका दिसतो, त्या जागेवरचे दाते बुजलेले असतात आणि कानसेच्या समांतर रेषा भिंगाखाली स्पष्ट दिसतात. चांदी म्हणून त्याची किंमत पूर्ण आहे, संग्राहकाचे नाणे म्हणून ती फार घटते. मला स्वतःला अशी डाग असलेली नाणी आवडतात, कारण ती कोणाच्या तरी गळ्यात होती, पण ती चांदीच्याच भावाने घ्यावीत.

त्यानंतर वजन करावे. झिजलेला खरा रुपया ११.६६ ग्रॅमपेक्षा थोडा हलका भरतो, जड कधीच भरत नाही. चुंबकाला चांदी चिकटत नाही. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि काठावर जोडाची रेषा दिसते. वाजवून पाहण्याची जुनी पद्धत वाईट नाही, पण नुसत्या खणखणाटावर पैसे मोजू नयेत आणि सराफाच्या काचेवर दुर्मीळ नाणे आपटून वाजवणे तर असभ्यपणाचेच आहे.

विदर्भात याहून जुन्या नाण्यांचेही थर मिळतात. वऱ्हाड दीर्घकाळ निजामाच्या सत्तेखाली होता, त्यामुळे हैदराबादचे हाली नाणे येथे भेटते. चारमिनार असलेले विसाव्या शतकातील रुपये ओळखायला सोपे आहेत, त्याआधीच्या फारसी मजकुराच्या नाण्यांसाठी जाणकाराची मदत लागते. तांब्याची शिवराई मात्र नवख्यालाही वाचता येते. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे असतात, आणि ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने प्रत्येक नाण्यावर त्यांतील काहीच अक्षरे उतरलेली असतात. झिजलेली शिवराई मुबलक आहे आणि महाग नसावी. सर्व अक्षरे पूर्ण, कडा गुळगुळीत आणि रंग नव्या तांब्यासारखा असेल, तर संशय धरावा. सोन्याचा शिवकालीन होन कोणी गावात आणून दाखवला, तर त्यावर चर्चासुद्धा करू नये.

पाचवी पायरी: शेतात सापडले तर

वखरणी करताना, विहीर खोदताना किंवा जुन्या वाड्याची भिंत पाडताना गाडगे निघणे ही विदर्भात कल्पित गोष्ट नाही. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला आणि पुराणांतील याद्यांत नसलेल्या काही राजांची नावे त्या साठ्यामुळेच अभ्यासकांना कळली. असा साठा वाटून घेतला किंवा वितळवला असता, तर ती नावे कायमची गेली असती.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ पासून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि ती वस्तू शासकीय कोषागारात जमा करणे किंवा त्याबद्दल जामीन देणेही आवश्यक आहे. व्यवहारात तहसील कार्यालयातून सुरुवात करावी, अर्जाची पोच घ्यावी आणि गाडगे होते त्याच स्थितीत, मातीसह, छायाचित्रे काढून ठेवावीत. लोकांचा समज असा असतो की सरकार सर्व घेऊन जाते आणि हाती काही लागत नाही. कायदा तसे म्हणत नाही. निधीवर अन्य कोणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि सापडवणारा व जमिनीचा मालक वेगळे असून त्यांच्यात काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याला आणि उरलेला मालकाला देण्याची तरतूद आहे. असा निधी शासनाने स्वतःकडे घ्यायचे ठरवले, तर धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. लपवल्यास वाटा तर जातोच, वर गुन्हाही दाखल होतो. म्हणून कोणी मातीने भरलेली जुनी नाणी 'शेतात निघाली' म्हणून विकायला आणली, तर ती स्वस्त असली तरी घेऊ नयेत.

सहावी पायरी: कार्डांचे शास्त्र समजून घ्या आणि पाकीट खिशातच ठेवा

खेळाडूंच्या कार्डांची परंपरा मुख्यतः अमेरिकेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत घातलेल्या पुठ्ठ्यावर बेसबॉलपटूंची चित्रे छापली जाऊ लागली, पुढे ती च्युइंगगमबरोबर येऊ लागली. १९०९ ते १९११ या काळातील होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड आणि टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे मिकी मँटलचे कार्ड ही त्यातील सर्वांत गाजलेली नावे आहेत. मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. हा आकडा वाचून जो माणूस कार्डे घेऊ लागतो, त्याने त्याच देशातील पुढचा भागही वाचावा. १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी कार्डे गुंतवणूक म्हणून साठवायला सुरुवात केली, कंपन्यांनी मागणीप्रमाणे अमाप छपाई केली, सर्वांनीच ती जपून ठेवली, आणि आज त्या काळातील बहुतेक कार्डांना कोणी विचारत नाही. जुनी कार्डे दुर्मीळ झाली, कारण मुलांनी ती खेळून फाडली आणि आयांनी रद्दीत घातली.

आपल्याकडे च्युइंगगमच्या वेष्टनातून आलेली क्रिकेटची चित्रे आणि धावांच्या हिशेबाची कार्डे ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत वाढलेल्यांना आठवतील. नंतर आयपीएलच्या खेळाडूंची खेळायची कार्डेही आली. घरात ती असतील तर जरूर जपावीत. मात्र विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्या लागतात: कोपरे टोकदार आहेत का, कडा पांढुरक्या झाल्या आहेत का, पृष्ठभागावर ओरखडे किंवा दुमड आहे का आणि चित्र चौकटीच्या बरोबर मध्यभागी छापले आहे का. परदेशी संस्था कार्डाला एक ते दहा असे गुण देऊन बंद डबीत घालून देतात. नाण्यांसाठी हीच श्रेणी एक ते सत्तर अशी असते. एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पट बदलते, पण कार्ड तिकडे पाठवणे, शुल्क, विमा आणि परतीचे सीमाशुल्क यांचा खर्च धरला तर आपल्या हातातील साध्या कार्डासाठी हा उद्योग परवडत नाही. शिवाय नाणे विकायचे झाल्यास निदान सराफ तरी आहे. कार्ड विकायला पुसद किंवा गोंदियाच्या बाजारात ग्राहक कुठून आणणार?

सातवी पायरी: आपल्या गावचा खेळ

कार्डांचा दरवाजा बंद केला, तरी स्मृतिवस्तूंचा मोठा दरवाजा उघडाच आहे, आणि इथे खेडेगावात राहणाऱ्या संग्राहकाची बाजू शहरी माणसापेक्षा भक्कम आहे. वस्तूचा पुरावा बाहेर असतो असे वर म्हटले; तो पुरावा देणारी माणसे आपल्या गावात राहतात.

काय शोधावे याची काही उदाहरणे देतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना झाला. त्यात चेतन शर्माने विश्वचषकातील पहिली हॅट्ट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय कारकिर्दीतील एकमेव शतक झळकावले. जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे एसटीने आणि रेल्वेने तो सामना पाहायला गेली होती, त्यांच्या पेटीत तिकिटाचे अर्धुक असू शकते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. त्यांतील शेवटचे दोन अंतिम सामने नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावरच झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. त्या परंपरेतील जुनी प्रमाणपत्रे, छायाचित्रे आणि शिबिरांची पत्रके वऱ्हाडातील अनेक व्यायामशिक्षकांच्या घरी असतील. याखेरीज कबड्डीच्या ढाली, काटा कुस्तीची हँडबिले, शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, भित्तिपत्रके या वस्तू तर कोणी जमवतच नाही, आणि म्हणून त्या जवळपास फुकट मिळतात.

वस्तू मिळाली की तिच्या मालकाकडून एका कागदावर लिहून घ्यावे: वस्तू कोणती, ती त्यांच्याकडे कधी आणि कशी आली, त्या प्रसंगी आणखी कोण होते. खाली त्यांची सही, तारीख आणि गावाचे नाव असावे. शक्य असल्यास ते वस्तू हातात धरून बोलत असल्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. नंतर त्या तारखेचे वर्तमानपत्र जिल्हा ग्रंथालयात पाहून सांगितलेली हकीकत जुळते का ते तपासावे. वयोवृद्ध माणसांची स्मृती सालांत घसरते, हेतू खोटा नसतो, म्हणून हे पडताळून पाहणे कोणाचा अपमान नाही. विसंगतीही अशाच सापडतात. जामठ्याच्या मैदानावर पहिला कसोटी सामना २००८ मध्ये झाला, तेव्हा त्या मैदानाचे नाव छापलेले १९८७ चे तिकीट कोणी आणले, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही.

एका गोष्टीचा विवेक ठेवावा. घरात आजारपण किंवा कर्ज असताना काढलेले पदक घासाघीस करून घेऊ नये. घरातल्या तरुण मुलांना विचारावे, एक आठवडा थांबावे आणि त्यांनी नकार दिला तर छायाचित्र आणि हकीकत यांवर समाधान मानावे. संग्रहात त्याही नोंदीला मोल आहे.

सह्यांबाबत नियम कडक ठेवावा: आपल्यासमोर किंवा आपल्या ओळखीच्या माणसासमोर झालेली सहीच घ्यावी. शेन वॉर्नची कसोटीची टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किमतीला गेली, आणि महेंद्रसिंह धोनीची २०११ च्या अंतिम सामन्यातील बॅट त्याच वर्षी धर्मादाय लिलावात एक लाख पौंडांना. दोन्ही वस्तू खुद्द खेळाडूंनीच दिल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या खरेपणाबद्दल प्रश्नच नव्हता. बाजारातील छोट्या बॅटींवरील संपूर्ण संघाच्या सह्या बहुधा छापील असतात. भिंगाखाली शाईच्या सलग रेषेऐवजी छपाईचे ठिपके दिसले की निकाल लागला. सोबत मिळणाऱ्या चकचकीत प्रमाणपत्राला फार मान देऊ नये, कारण जो सही खोटी करतो त्याला प्रमाणपत्र छापणे अवघड नसते. त्यापेक्षा नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली, हे ध्यानात घेऊन तालुक्याच्या बुद्धिबळ, कबड्डी आणि धनुर्विद्या स्पर्धांना जावे आणि आज कोणाला ठाऊक नसलेल्या मुलामुलींच्या सह्या स्पर्धेच्या पत्रकावर तारखेसह घ्याव्यात.

आठवी पायरी: वैदर्भी उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखालील पेटीचे तापमान त्याहून वाढते. जुलैपासून दमट हवा सुरू होते. नाणे हे सोसते, कागद सोसत नाही. पेटी माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून न ठेवता आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, विटांवर ठेवलेल्या लोखंडी कपाटात ठेवावी, नाहीतर उधई तिचा हिशेब करते. कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा उघडून पाहावे, भर पावसात उघडू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि निळ्या रंगाचे दाणे गुलाबी झाले की त्या बदलाव्यात.

नाण्यांसाठी मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकचे पाकीट वापरू नये. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्यावर आणि चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत पारदर्शक पॉलिएस्टरची खिडकी असलेले साधे होल्डर स्वस्त आणि सुरक्षित असतात. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळी करतात. कार्डे आणि तिकिटे पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात, वर कडक आवरण घालून, उभी ठेवावीत. डांबराच्या गोळ्या कागदाला किंवा प्लास्टिकला लागून ठेवू नयेत. हल्लीची पुष्कळ तिकिटे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात आणि ती दोन-तीन उन्हाळ्यांत कोरी होतात, म्हणून सामन्याहून परतल्यावर त्याच आठवड्यात त्यांचे स्कॅन करून ठेवावे. सही केलेली जर्सी दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगण्याचा मोह आवरावा. उन्हाने मार्करची शाई सर्वांत आधी उडते.

नववी पायरी: वही आणि व्यवहार

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि वहीत तारीख, कोणाकडून घेतली, किती दिले, वजन व व्यास, दोष आणि छायाचित्राचा क्रमांक लिहावा. दोष लिहिण्यात कंजुषी करू नये. वारसांना ही वही कुठे आहे ते सांगून ठेवावे, नाहीतर पन्नास वर्षांचा संग्रह तेराव्यानंतर वजनावर विकला जातो.

विक्रीच्या नावाने होणारी फसवणूक आता मोबाइलवरून घराघरांत आली आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचे चित्र असलेले नाणे लाखो रुपयांना घेतो असे सांगणारा माणूस आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागतो आणि पैसे पोहोचले की फोन बंद होतो. आपल्या नावाने असे शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिली आहे. खरा ग्राहक पैसे देतो, मागत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे परदेशी ग्राहकाचे आमिष दाखवणाऱ्यालाही नकार द्यावा.

शिकण्यासाठी प्रवास करायचा झाल्यास नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सर्वांत जवळ आहे. त्याहून पुढे जायची तयारी असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय मुद्रा संशोधन संस्था केवळ नाणकशास्त्राला वाहिलेली आहे. जाताना आपली नाणी सोबत न नेता त्यांची दोन्ही बाजूंची, पट्टी शेजारी ठेवून काढलेली स्पष्ट छायाचित्रे आणि वजनाची नोंद न्यावी. जाणकाराला मत देण्यासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते.